सही बंद केलेले साहेब

"तुमचे सर आता सीए नाहीत, मॅडम," सीएंच्या संस्थेच्या ऑफिसात खिडकीतला मुलगा म्हणाला.

प्रज्ञा हसली. तिला वाटलं, नावात गोंधळ झालाय. तिने साहेबांचं नाव पुन्हा सांगितलं, आडनाव सांगितलं, शनिवार पेठ सांगितली. मुलाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"यादीतून नाव काढलंय. दोन वर्षं झाली. त्यानंतरची तुमची आर्टिकलशिप धरता येणार नाही. म्हणजे यंदा फायनलला नाही बसता येणार."

"पण मी रोज जात होते तिथे. काम करत होते."

"करत असाल हो. मी कुठे नाही म्हणतो?"

मागच्या माणसाने खाकरून आम्हाला बाजूला व्हायची खूण केली. आम्ही बाजूला झालो. प्रज्ञा माझी नात, माझ्या मुलाची मुलगी. मी तिच्याबरोबर आले होते, कारण परत जाताना माझा चष्मा घ्यायचा होता. सीए व्हायचं तर नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही. एखाद्या सीएच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करावी लागते, तीच ही आर्टिकलशिप. तिने ती केली होती. एकही दिवस न बुडवता केली होती. त्यातली दोन वर्षं त्या खिडकीत गेली. चष्मा राहिलाच.

साहेबांच्या ओळखीचे लोक मला अजून विचारतात, एवढा हुशार माणूस, त्यांच्या हातून असं झालंच कसं? हुशार होते म्हणूनच झालं. साध्या माणसाने फी भरली असती.

साहेबांचं ऑफिस शनिवार पेठेत, उदबत्तीच्या दुकानावर. दोन खोल्या. झाडलोट आणि चहा माझ्याकडे. खालचा वास दिवसभर वर यायचा आणि साहेब दिवसभर शिंकायचे. जागा बदला म्हटलं तर म्हणायचे, "हे दुकान माझं गिऱ्हाईक आहे. त्याचा माल खपतोय की नाही ते मला नाकाने कळतं." माझ्या हातचा चहा ते पहिल्या दिवसापासून प्यायले. पेठेतल्या काही जणांना त्याचं कौतुक वाटायचं. मला नाही. चहा प्यायलाच केलेला असतो.

ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. मला, पोस्टमनला, जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्याला. राग आला की मान आणखी वाढायचा. एका उमेदवार मुलाला म्हणाले, "आपण एवढे थोर आहात, की आपल्याला बेरीज येत नाही हे आमच्या ध्यानात यायला फार उशीर झाला." मुलगा जिन्यात जाऊन रडला. मी त्याला चहा नेऊन दिला आणि म्हटलं, "अरे, 'आपण' म्हणतायत ना, तोवर काळजी नाही." खोटंच सांगितलं. ते दुसरं काही म्हणायचेच नाहीत.

मार्च संपला की पळत येणारी गिऱ्हाइकं असतात. त्यातल्या एकाला साहेब दारातच म्हणाले, "या, या. यावर्षी फार लवकर आलात. मागच्या वर्षीचं काम असेल."

छत्री बारा महिने हातात. पण ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. एकदा भिजून आले, छत्री काखेत. मी विचारलं, "साहेब, उघडायची की." तर म्हणाले, "ओली झाली तर वाळवायची कोणी?" मग सदऱ्याचं पाणी माझ्या पुसलेल्या फरशीवर पिळलं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. नवा मुलगा आला की त्याला महिनाभर हिशेबाला हात लावू द्यायचे नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाच्या दुकानात पाठवायचे. तिथे नुसतं बसायचं. काही विचारायचं नाही, काही लिहायचं नाही. परत येऊन एकच सांगायचं, दुकानदार कशाला भितो. एक मुलगा भांड्यांच्या दुकानात बसून कंटाळून आला आणि म्हणाला, "सर, ते कशालाच भीत नाहीत. फक्त मेव्हणा आला की गप्प होतात." साहेब खूश झाले. म्हणाले, "आता हिशेब काढा, आणि मेव्हण्याच्या नावाने काय काय निघतं ते आधी बघा." बरंच निघालं. "जुळलं म्हणजे खरं, असं समजू नका," ते मुलांना सांगायचे. "चोराचं नेहमी जुळतं."

त्यांच्या हाताखालची पुष्कळ मुलं सीए झाली. काही फार मोठी झाली. पण ती परत भेटायला येताना जिन्यात थांबून केस नीट करायची, हेही मी बघितलंय.

प्रज्ञा लहान होती तेव्हा तिची आई कामाला जायची. शाळा सुटली की मुलगी माझ्याकडे ऑफिसात. ती खिडकीत बसायची. साहेब कामातून मान वर न करता विचारायचे, "प्रज्ञाबाई, खाली किती गिऱ्हाइकं आली?" ती आकडा सांगायची. "त्यातली घेऊन किती गेली?" मग ती दुसऱ्या दिवशी तेही बघून ठेवायची. नंतर विचारायला लागले, "उधारीवर कोण गेलं?" तिने विचारलं, वरून कसं कळणार? साहेब म्हणाले, "रोख देणारा दुकानातून निघताना मागे वळून बघत नाही." मला वाटायचं, मुलीला खेळवतायत. ते कोणाला खेळवत नव्हते. त्यांना मुलं खेळवता येत नव्हती.

बारावीनंतर तिने स्वतःच ठरवलं, सीए व्हायचं. पहिल्या परीक्षा पास झाली तेव्हा आमच्या मांजरी गावात, बुद्धविहारात तिचा सत्कार झाला. बायका मला विचारत होत्या, "म्हणजे बँकेत का?" मी म्हटलं, "बँकेला हिशेब विचारते ती." मला तेवढंच कळलं होतं. हिशेब लिहिणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात. ज्याच्या सहीने तो हिशेब खरा ठरतो, तो सीए. हे मला साहेबांच्या ऑफिसात राहून कळलं. लिहिणारे पुष्कळ होते, बदलत राहिले. सहीसाठी लोक जिन्यात ताटकळायचे.

बाणेरच्या एका मोठ्या फर्मने तिला उमेदवार म्हणून बोलावलं होतं. लिफ्ट होती, कँटीन होतं. साहेबांनी तोवर मुलं घेणं थांबवलं होतं. वय झालं होतं. पण हिचा निकाल कळला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "प्रज्ञाबाईंना उद्यापासून यायला सांगा. अर्ज मी भरून ठेवलाय." विचारलं कोणी नाही त्यांना. प्रज्ञा उड्या मारत गेली. अर्ज रीतसर दाखल झाला. तेव्हा साहेबांचं नाव यादीत होतं.

पहिलं वर्ष नीट गेलं. मग ते भाषणाचं प्रकरण झालं.

सीएंच्या संस्थेचा नियम आहे, की सीए कितीही जुना असो, दरवर्षी ठरावीक तास व्याख्यानांना बसायचं. नवे कायदे शिकायचे. साहेब अनेक वर्षं टाळत होते. शेवटी एकदा गेले. व्यासपीठावर त्यांचाच जुना विद्यार्थी. घसाऱ्यावर बोलणार होता. घसारा म्हणजे वस्तू जुनी झाली की तिची किंमत कमी धरायची, ते. याच मुलाला साहेबांनी घसाऱ्याचं गणित चुकलं म्हणून पुन्हा पुन्हा परत पाठवलेलं. मुलगा चांगला. तो खाली उतरला, भर सभेत साहेबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "माझे सर आज शिकायला आलेत, हे माझं भाग्य." त्याने मनापासून म्हटलं असणार. पण साहेब पेटले. हजेरीचा कागद पुढे आला, तर त्यावर सही करेनात. "मी शिकायला आलो नव्हतो," म्हणाले. "शिकवलेलं लक्षात आहे का ते बघायला आलो होतो."

सही नाही म्हणून तास धरले नाहीत. साहेबांनी संस्थेला पत्र पाठवलं. तिकडून नियमाचं उत्तर आलं. यांनी पुन्हा लिहिलं. तिकडून पुन्हा नियम. त्याच सुमाराला वर्षाची फी भरायची वेळ आली. ती यांनी भरली नाही.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या दिवशी डबा घेऊन ऑफिसात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भरून टाका हो. एवढ्याशा गोष्टीसाठी काय?"

"एकदा सीए झालो तो झालो," साहेब म्हणाले. "आपण लग्नाचं दरवर्षी नूतनीकरण करतो का?"

"सोय असती," वहिनी म्हणाल्या, "तर मी नसतं केलं."

मी हसले. साहेबही हसले. फी काही भरली नाही.

पण माणूस लबाड नव्हता. फी नाही म्हणून यादीतून नाव गेलं, त्यानंतर त्यांनी एका कागदावरही सही केली नाही. काम सगळं स्वतः करायचे आणि फाइल कर्वे रोडच्या एका सीए मित्राकडे पाठवायचे. तो पुन्हा तपासायचा आणि स्वतःची सही करायचा. गिऱ्हाइकांना हे सांगायचे, "मी सही बंद केली आहे." लोक साखर बंद केली म्हणतात, तसं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, वय झालं, हात थरथरत असेल. प्रज्ञालाही तेच वाटलं. कोण विचारणार?

संस्थेच्या खिडकीवरून आल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऑफिसात गेलो. मला तसंही जायचंच होतं. साहेब शिंकत होते. मी केर काढला नाही, आधी विचारलं.

"साहेब, तुम्ही सीए नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तिथला खिडकीतला मुलगा."

"बरोबर म्हणतो. सही बंद केली तेव्हापासून नाही."

"मग पोरीचं काय?"

त्यांना खरंच कळलं नाही. "पोरीचं काय? तिला मी शिकवतोय. सहीला परवाना लागतो, बाई. शिकवायला काय लागतो?"

"लागतो, सर," प्रज्ञा म्हणाली. "दोन वर्षं धरली नाहीत त्यांनी."

साहेब उठले. फडताळातून नियमांचं जाड पुस्तक काढलं आणि उभ्यानेच वाचायला लागले. पान उलटलं, परत मागे आले. मला वाचायची गरज नव्हती, त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. जन्मभर लोकांना नियम दाखवत आलेला माणूस. स्वतःच्या सहीचा नियम पाळला आणि त्याच पानावर पुढे काय आहे ते बघितलं नाही. पुस्तक मिटलं आणि ते स्वतःच्या खुर्चीत गेलेच नाहीत. उमेदवार मुलं बसायची त्या बाकावर बसले.

नंतर जे जे करायचं ते त्यांनी केलं. फी भरली, दंड भरला. त्या खिडकीत रांगेत उभे राहिले. व्याख्यानांना गेले. पहिल्या रांगेत बसले आणि हजेरीच्या कागदावर निमूट सही केली. तोच विद्यार्थी मला नंतर सांगत होता, "बाई, मला बोलताच येईना." यादीत नाव परत आलं. पण त्या दिवसापासून पुढे. मागचं मागेच राहिलं. प्रज्ञासाठी त्यांनी वेगळा अर्जही केला, चूक माझी आहे, मुलीची नाही. उत्तर आलं, सहानुभूती आहे.

आणि मग एका रविवारी ते मांजरीला आमच्या घरी आले.

इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. बसने आले, उसाच्या कडेच्या रस्त्याने चालत आले, बुटांना चिखल. माझा मुलगा, प्रज्ञाचा बाप, घरी होता. तो कंपनीची बस चालवतो, त्यात त्याच्या पाठीचा कणा गेलाय. त्याने मुलीला आधीच सांगून टाकलं होतं, "आता बास. हाय ती पदवी घे आन् कुठंतरी हिशेब लिहायला लाग. आमच्यानं होत नाय." साहेब पलंगावर टेकले. स्वतःहून पाणी मागितलं, प्यायले.

"मी चुकीचं काम सांगायला आलोय," म्हणाले. "आधीच सांगतो."

त्यांच्या कर्वे रोडच्या मित्राने तयारी दाखवली होती. तो लिहून देणार होता, की ही दोन वर्षं प्रज्ञा त्याच्याच ऑफिसात उमेदवार होती. कागद मागच्या तारखेचे करावे लागतील, बाकी काही नाही. असं करतात लोक, असं तो म्हणाला होता.

एकदा एका बिल्डरने साहेबांकडे मागच्या तारखेचा कागद मागितला होता. साहेब त्याला म्हणाले होते, "मागची तारीख आणता येत असेल तर आधी माझे केस आणा." आणि त्याच्या फाइली त्याच दिवशी जिन्यात ठेवल्या होत्या.

"सर, नको," प्रज्ञा म्हणाली.

"का नको? काम तर आपण केलंय. त्यात खोटं काय?"

"काम तुमच्याकडे केलं. त्यांच्याकडे नाही."

"अगं, साहेब स्वतः सांगायलेत, घे की!" मुलगा ओरडला.

मीही म्हटलं, "घे. कोण बघतंय?" मला अजून वाटतं, घ्यायला हवा होता. दोन वर्षं म्हणजे काय, हे म्हाताऱ्या माणसाला जास्त कळतं.

"आजी, उद्या माझ्या सहीवर भरवसा ठेवून लोक पैसे देतील-घेतील," ती म्हणाली. "आणि माझीच सुरुवात मागच्या तारखेची? कधीतरी कोणी उकरलं, तर माझं नाव यादीतून कायमचं जाईल. फी भरून परत नाही येणार ते."

शेवटचं वाक्य तिने साहेबांना टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण लागलं. ते "बरोबर आहे," म्हणाले आणि उठले.

मी त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हणाले, "बाई, मी हे करायला नको होतं."

"कोणतं?" मी विचारलं. "फी भरली नाही ते, का आज आलात ते?"

बस आली, ते चढले. आत जागा होती तरी उभे राहिलेले दिसले.

मला त्या माणसाचं वाईट वाटतं ते इथे. जिथे वाकायला हवं होतं तिथे ताठ राहिले, आणि जिथे ताठ राहायचं तिथे वाकून आले. दोन्हीचा उपयोग झाला नाही.

प्रज्ञा हडपसरच्या एका ऑफिसात नव्याने उमेदवार म्हणून लागली. तिथे बाकीची मुलं तिच्याहून लहान. पहिले काही महिने तिला झेरॉक्स काढायला आणि गोदामातली पोती मोजायला पाठवायचे. येत होतं तेच पुन्हा शिकवायचे. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी सीए झाल्या, त्यांच्या दारावर पाट्या लागल्या. एक चांगलं स्थळ आलं होतं, ते लोक थांबायला तयार झाले नाहीत. बाप तिच्याशी कामापुरतं बोलायचा. ती सकाळी डबा घेऊन निघायची आणि आल्यावर ओट्याशी उभी राहून पुस्तक वाचत भाकरी थापायची. रडलेली मी बघितली नाही.

मी साहेबांकडे जातच होते. ते रोज विचारायचे, "तिकडे काय काम देतात प्रज्ञाबाईंना?" मी म्हणायचे, "तिलाच फोन करून विचारा की." त्यांनी कधी केला नाही. नव्या मुलांचे बाप यायचे, सर आमच्या मुलाला घ्या म्हणायचे. आता नाव यादीत होतं, घेता आलं असतं. साहेब म्हणायचे, "माझ्याकडे शिकण्यासारखं आहे. मोजण्यासारखं नाही." बाप बिचारे काही न कळून परत जायचे.

तिची उमेदवारी संपायच्या आधीच ते गेले. दुपारी, खुर्चीत, जेवून बसलेले असताना. शोकसभेला मुलं पुष्कळ आली, डोकी पांढरी झालेली मुलं. घसाऱ्यावाला बोलला. सर तत्त्वाचे होते, म्हणाला. माझ्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तत्त्व यांचं, भरायचं दुसऱ्यांनी." मी मान हलवली. प्रज्ञा मागे उभी होती, तिने ऐकलं की नाही माहीत नाही. त्या दोन खोल्या आता उदबत्तीवाल्याचं गोदाम आहेत.

ती पहिल्या वेळी नापास झाली. दुसऱ्या वेळी पास झाली. आता हडपसरला तिचं स्वतःचं ऑफिस आहे, जिन्यात माणसं थांबतात. फी मुदतीच्या आधी भरते. विहारात पुन्हा सत्कार झाला, तेव्हा तिने साहेबांचं नाव घेतलं, मला सर्व त्यांनी शिकवलं म्हणाली. ते खरं आहे. तिच्या जागी मी असते तर पुढचंही सांगितलं असतं.

लोक म्हणतात, साहेबांनी त्या गोष्टीचा फार त्रास करून घेतला. घेतला असेल. वहिनी म्हणतात, ते त्यातच गेले. असेल. माझा मुलगा आता पाहुण्यांना सांगतो, आमच्या घराने त्या काळात फार सोसलं. आम्ही काही सोसलं नाही. आम्ही वेळेवर जेवत होतो आणि झोपत होतो. ती दोन वर्षं प्रज्ञाने काढली.